फोंड्यातली ग्रीक कथामाला: हरलेल्या देवांचं पुढे काय झालं

गेल्या दिवाळीच्या आधी सलग चार रविवार मी आणि माझी नात गोव्यात फोंड्याला जात होतो. ग्रीक पुराणात जे देव हरले त्यांना कोणत्या शिक्षा झाल्या, या एकाच विषयावर तिथल्या एका सभागृहात चार बैठकांची कथामाला होती. वेळ दुपारी ४ ते ६. चारही रविवारांचे मिळून माणशी ६०० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना निम्मे. सांगणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, आणि सगळं कथन मराठीत. हीच माला पुन्हा लागणार आहे असं कळलं आणि ‘जाऊ का?’ असं विचारणारे तिघं-चौघं भेटले, म्हणून नीट लिहून काढतो. माझ्यापुरतं उत्तर एका शब्दाचं आहे: जा.

मी माशेलचा. दुकानांच्या पाट्या रंगवतो, जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवत आलो, आणि गेली ३० वर्षं आमच्या वाड्यावरच्या पोरांना नरकासुराचं तोंड करून देतो. मातीचा साचा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीत भिजवून थरावर थर, सुकलं की पांढरा हात, मग रंग. डोळे सगळ्यांत शेवटी. चतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरं त्याला गावभर मिरवतात आणि उजाडायच्या आत त्याची राख होते. मग घरी अभ्यंगस्नान, तुळशीपुढे अंगठ्याने कारीट फोडायचं, कडू बी जिभेला लावायचं आणि फोव, म्हणजे पोहे, खायला बसायचं. महिनाभर खपून केलेला तो चेहरा आगीत वाकडा होताना पाहिला की दरवर्षी माझ्या पोटात कालवतं. हरलेल्याचं तोंड मी इतकी वर्षं रंगवतोय, तर दुसऱ्या लोकांनी आपल्या हरलेल्यांचं काय केलं हे ऐकावं, एवढ्याच ओढीने मी नाव नोंदवलं. नात १३ वर्षांची. ती मागे लागली म्हणून तिलाही घेतलं.

पहिल्या दिवशी दारातच खोळंबा झाला. पैसे भरलेले, पावती फोनमध्ये, पण यादीत आमची नावं नाहीत. पंधरा मिनिटं बाहेर उभं ठेवलं. नातीचं तोंड उतरलं. शेवटी बाई स्वतः बाहेर आल्या, नातीला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं आणि मगच सुरुवात केली. आयोजकांनी हे नीट करायला हवं. लोक लांबून येतात.

बाईंनी नावांची जंत्री लावली नाही. टेबलावर दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन होतं, त्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “शत्रू हरला. पण त्याला मरणच नाही. आता त्याचं काय करायचं?” कोणी बोलेना. मग माझी नात उठली आणि म्हणाली, “राहूसारखं?” बाईंचा चेहरा असा उजळला की पंधरा मिनिटांचा खोळंबा मी तिथेच माफ केला. राहूने अमृत गिळलं होतं, म्हणून सुदर्शनाने मुंडकं उडवलं तरी तो संपला नाही, आकाशातच राहिला. “ग्रीकांकडे सगळे देव राहू आहेत,” बाई म्हणाल्या. त्यांच्या अंगात रक्तसुद्धा माणसाचं नसतं, इकोर नावाचा वेगळाच द्रव असतो. मारून प्रश्न सुटत नाही, म्हणून प्रत्येक हरलेल्यासाठी एक जागा शोधावी लागते, आणि ती जागा मग कायमची त्याची होऊन बसते. चार रविवारांचं सगळं सांगणं या एका खुंटीला टांगलेलं होतं.

पहिली बैठक टायटनांची. जुने देव, म्हणजे टायटन, आणि त्यांचा राजा क्रोनस ऑथ्रिस पर्वतावर, क्रोनसचा मुलगा झ्यूस आणि त्याची भावंडं ऑलिंपसवर, आणि मधे दहा वर्षांचं युद्ध, कुणाचीच सरशी नाही. हे हेसिअड नावाच्या कवीने सांगितलेलं, इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासचं. शेवटी झ्यूसने पाताळाच्याही तळाशी डांबलेल्या तिघा भावांना बाहेर काढलं: कोटस, ब्रिएरिअस आणि गाइजिस. प्रत्येकाला शंभर हात, पन्नास डोकी. त्यांच्याच बापाने, म्हणजे आकाशाने, ते जन्मले तेव्हापासून त्यांना कोंडून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी एका झपाट्यात तीनशे धोंडे फेकले, टायटन त्याखाली झाकले गेले आणि युद्ध संपलं. हरलेल्यांना त्याच तळाशी, टार्टारसमध्ये टाकलं. समुद्राचा देव पोसायडन, त्याने पितळी दारं बसवली. आणि पहाऱ्याला कोण? तेच तिघे. जी कोठडी त्यांनी आतून पाहिली होती तिचेच ते रखवालदार झाले. बाईंनी हे सांगितलं आणि पाण्याचा घोट घ्यायला थांबल्या. मला वाटतं त्या मुद्दाम थांबल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, “म्हणजे सुटका झालीच नाही की त्यांची.”

मग ते वजन. टार्टारस किती खोल, हे सांगायला हेसिअड ऐरणीचा दाखला देतो. पितळेची ऐरण आकाशातून सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत राहील आणि दहाव्या दिवशी जमिनीला लागेल. जमिनीपासून टार्टारसपर्यंत पुन्हा तेवढंच. बाईंनी वजन उचललं, खाली गोणपाट होतं त्यावर सोडलं. धप्प. “ही आज सुटली,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी आपण इथे जमू तेव्हा ही अजून आकाशातच असेल.” नातीने लगेच बोटं मोजली: रविवार पहिला दिवस, तर दहावा येतो त्याच्या पुढच्या आठवड्यातला मंगळवार. घरी पोचल्यावर तिने दिनदर्शिकेवर खूण केली. तेव्हापासून आमच्या घरात ऐरण पडत होती. पोळ्या लाटताना सूनबाई विचारायची, “कुठवर आली गं?” चार ओळींची एक उपमा घराघरांत पोचवणं ज्यांना जमतं त्यांना कथा सांगता येते, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला देता येणार नाही.

एक गोष्ट बाईंनी पहिल्याच दिवशी साफ केली, तीही चांगली झाली. सिसिफस आणि त्याचा धोंडा, टँटलस आणि त्याच्यापासून मागे सरणारं पाणी, इक्सिऑन आणि फिरतं चाक, या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात आणि लोक त्या यातच मिसळतात. पण ही माणसं. देवांचा अपराध केलेली माणसं. इथे विषय देवांचाच, म्हणून त्यांना चारही दिवस दार बंद. विषयाला कुंपण घालणारा वक्ता मला आवडतो.

दुसरा रविवार मला सर्वांत भावला. ऐरण आकाशात, आणि बैठकीत इआपेटस या टायटनाची मुलं. चार भाऊ, त्यातले तिघे शिक्षा भोगणारे. मेनिटिअसला विजेने सरळ अंधारात लोटलं, त्याचं काम दोन वाक्यांत संपलं. अॅटलासला पृथ्वीच्या टोकाशी उभं करून डोक्यावर आणि हातांवर आकाश दिलं. आकाश. पृथ्वी नव्हे. बाईंनी हे तीनदा सांगितलं. मी हातातल्या छापील पुस्तिकेकडे पाहिलं तर मुखपृष्ठावर अॅटलास पृथ्वीचा गोल खांद्यावर घेऊन उभा, खंडांसकट. ही चूक जगभर होते. नेपल्सच्या संग्रहालयात अॅटलासचा जो प्रसिद्ध संगमरवरी पुतळा आहे, त्याच्या खांद्यावरच्या गोलावर नक्षत्रं कोरलेली आहेत, म्हणजे तोही आकाशाचाच गोल. पण गोल दिसला की बघणाऱ्याला पृथ्वी वाटते. तरीही ज्या मालेत बाई घसा फोडून आकाश म्हणतायत, तिच्याच पुस्तिकेवर पृथ्वी असावी हे मला, पाट्या रंगवणाऱ्याला, लागलं. पाटीवर एक आणि दुकानात दुसरं असं चालत नाही.

आकाश का, हे समजलं की शिक्षेची धार कळते. आकाश आणि धरती हे सगळ्या टायटनांचे आईबाप. अॅटलासच्या डोक्यावर दिला तो त्याचा आजोबा. खाली ठेवायची सोय नाही, कारण खाली आजी. आजोबा म्हणून मी हे ऐकलं आणि नातीकडे पाहिलं, ती वहीत काहीतरी लिहीत होती.

मग प्रमिथियस. इथे बाईंनी घाई केली नाही आणि मीही करत नाही. तो युद्धात हरलेला नव्हे. एका प्राचीन ग्रीक नाटकात तर तो स्वतः सांगतो की युद्धात मी झ्यूसच्या बाजूने होतो. त्याचा अपराध नंतरचा. मेकोनी नावाच्या ठिकाणी देव आणि माणसं यांच्यात बैलाचे वाटे पडत होते, तिथे त्याने हाडं चकचकीत चरबीत गुंडाळून झ्यूसपुढे ठेवली आणि मांस माणसांकडे जाऊ दिलं. झ्यूसने रागाने माणसांचा अग्नी काढून घेतला. प्रमिथियसने तो चोरून परत आणला, एका पोकळ देठात लपवून. हा देठ बडीशेपेच्या जातीच्या एका उंच रोपाचा. त्याच्या आतला भेंड सुकल्यावर ठिणगी धरतो आणि ज्वाळा न करता आतल्या आत जळत राहतो. बाई हे समजावत होत्या, पण पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मी हात वर केला आणि म्हणालो, “बाई, सोडणासारखं.” आपल्याकडे नारळाचं सोडण पेटवून ठेवलं की रात्रभर आत धुमसतं, सकाळी फुंकर घातली की विस्तव तयार. सगळं सभागृह एकदम “हां!” म्हणालं. पुढे दोन्ही रविवार बाई सोडणच म्हणत राहिल्या. श्रोत्याचा शब्द उचलून आपलासा करणं, यालाही मोठं मन लागतं.

शिक्षा सगळ्यांना माहीत आहे: खांबाला किंवा कड्याला जखडलेला, दिवसा गरुड काळीज खातो, म्हणजे यकृत, आणि दिवसा जेवढं खाल्लं तेवढं रात्री पुन्हा वाढतं. पण मला माहीत नव्हतं ते त्या नाटकाबद्दल. पडदा उघडतो (त्यांच्याकडे पडदा नव्हता, पण आपण म्हणू) तेव्हा प्रमिथियसला कड्यावर ठोकण्याचं काम सुरू असतं, आणि ठोकणारा असतो हिफेस्टस, देवांचा लोहार. त्याच्या मनात नाही. आपल्या हातच्या कसबालाच तो बोल लावतो. बाजूला बळ आणि जबरदस्ती अशा नावांचे दोघे उभे, त्यातला बळ ओरडून सांगतोय, घट्ट मार, अजून एक ठोक. त्यानंतर अख्खं नाटक प्रमिथियस जागेवरून हलत नाही. बाकीची पात्रं येतात, बोलतात, जातात. मी नाटकांच्या विंगेत आयुष्य काढलं. नायकाला एका जागी खिळवून नाटक उभं करायचं म्हणजे काय, हे मला कळतं. त्या रात्री मी झोपताना प्रमिथियसपेक्षा त्या लोहाराचाच विचार करत होतो. कारागिराला कधी कधी असं काम येतं, आणि हात उत्तमच चालतात.

पुढे हेराक्लीस हा महाबली वीर येऊन गरुड मारतो, त्यात झ्यूसचीही संमती असते. एका उत्तरकालीन कथेत प्रमिथियस सुटतो पण बोटात लोखंडाची अंगठी घालतो, खडा म्हणून त्याच कड्याचा तुकडा. शिक्षा कायमची होती ना, मग बोटात कायमची राहू दे. त्या दिवशी चहा मध्यंतराऐवजी कार्यक्रम संपल्यावर आला, पंखा खडखडत होता, तरी कोणी उठलं नाही.

तिसरा रविवार त्या मानाने उणा पडला. विषय सर्वांत मोठा, टायफॉन आणि जायंट नावाचे राक्षस, आणि बाईंनी एका बैठकीत फार कोंबलं. मधे वीज गेली, भिंतीवरची चित्रं बंद पडली, तो वेळ वाया गेला. नावं इतकी आली की नातीने वही मिटली. तरीही दोन गोष्टी माझ्याजवळ राहिल्या.

एक म्हणजे टायफॉन हा धरतीचा धाकटा मुलगा. टायटन हरले, तेही तिचीच मुलं, म्हणून तिने हा जन्माला घातला. खांद्यांतून सापाची शंभर डोकी, आणि प्रत्येकातून वेगळा आवाज. कधी देवांना समजेल अशी भाषा, कधी बैलाची डुरकी, कधी सिंहाची, कधी कुत्र्याच्या पिल्लांची केकाटणी. आता आपला नरकासुर कोणाचा? भूमीचा. वराहापासून भूदेवीला झालेला मुलगा. तीस वर्षं मी त्याचं तोंड करतो, पुराणातली ही गोष्ट मला ठाऊकही होती, पण धरतीच्या पोटचे दोन मुलगे एकमेकांशेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते. आमच्या गावात देवकीकृष्णाचं देऊळ आहे. तिथे कृष्ण आईजवळ आहे. त्याच कृष्णाने ज्याला मारलं त्यालाही आई होती, हे मला फोंड्याच्या सभागृहात ग्रीकांची गोष्ट ऐकताना पहिल्यांदा नीट जाणवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे डोंगर. हेसिअड टायफॉनला टार्टारसमध्ये धाडतो, पण पिंडार हा कवी त्याला सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीखाली ठेवतो. केसाळ छातीवर डोंगर, आणि तो श्वास सोडतो ती आग. एन्सेलॅडस नावाचा जायंटही सिसिलीखालीच. तो दमून कूस बदलतो तेव्हा सगळं बेट हादरतं. पॉलिबोटीस समुद्रातून पळत होता, पोसायडनने कॉस बेटाचा तुकडा मोडून त्याच्यावर टाकला आणि तेच निसिरोस बेट झालं. निसिरोस आजही जागता ज्वालामुखी आहे. आपल्याकडे रावणाने कैलास हलवला तेव्हा शंकराने अंगठा दाबला आणि तो खाली अडकला, पण तो गाऊन गाऊन सुटला. एन्सेलॅडसला गाणं येत नव्हतं. बाईंनी शेवटी एक सुंदर धागा जोडला: शनीच्या एका चंद्राचं नाव एन्सेलॅडस आहे. विल्यम हर्शेलने तो १७८९ साली शोधला, आणि २००५ साली कसिनी यानाला दिसलं की त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फाचे फवारे उडतात. नाव ठेवलं तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. नातीने वही पुन्हा उघडली.

त्या दिवशी ऐरण जमिनीपलीकडे गेली होती. परतीच्या बसमध्ये, म्हार्दोळच्या अलीकडे, नात म्हणाली, “आजो, आता ती आपल्या पायांखाली असेल.” गुरुवारी संध्याकाळी ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, “आज पोचली.” घरातले सगळे क्षणभर गप्प झालो.

चौथी बैठक जिंकलेल्यांच्या घरातल्या शिक्षांची, आणि ती पुन्हा उंच गेली. झ्यूसच्या बायकोने, हेराने, त्याच्याविरुद्ध कारस्थान केलं, तेव्हा त्याने तिला आकाशातून टांगलं: हातांना सोन्याची न तुटणारी साखळी, पायांना दोन ऐरणी. ऐरण हा शब्द आला आणि पुढच्या रांगेतली सगळी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पोसायडन आणि अपोलो यांना एक वर्ष ट्रॉयच्या राजाकडे, लाओमेडॉनकडे, चाकरी करावी लागली. एकाने कोट बांधला, एकाने गुरं राखली, आणि वर्षअखेर राजाने मजुरी बुडवली, वर कान कापायची धमकी दिली. देवाला मजूर करणं आणि मग मजुरी न देणं, हे ऐकताना मागच्या रांगेतल्या एका गवंडीबुवांनी जोरात “अरे!” केलं.

पण सर्वांत भेदक शिक्षा स्टिक्स या पाताळातल्या नदीच्या पाण्याची. देवांनी त्या पाण्याची खोटी शपथ घेतली तर एक पूर्ण वर्ष श्वास नाही, वाचा नाही, अंथरुणावर निपचित, अमृतान्न जवळ येत नाही. ते वर्ष संपलं की पुढे नऊ वर्षं देवांच्या सभेला बोलावणं नाही, पंगतीला पान नाही. दहाव्या वर्षी परत. बाईंनी त्यासाठी एकच शब्द वापरला: वाळीत. त्या शब्दाने सभागृहात जे झालं ते मला सांगता येत नाही. गोव्यातल्या जुन्या माणसांना तो शब्द कानाला नव्हे, अंगाला लागतो.

शेवटी प्रश्न. माझा प्रश्न बळीचा होता. आम्ही चतुर्दशीला नरकासुर जाळतो आणि दोनच दिवसांनी पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो. हरलेल्याचं राज्य परत यावं असं म्हणणारे ग्रीकांत कोणी होते का? बाईंनी पुस्तिका मिटली. म्हणाल्या, होते. ज्या क्रोनसला टार्टारसमध्ये टाकलं त्याच्याच राज्याला हेसिअड सुवर्णयुग म्हणतो: माणसं कष्टांवाचून जगत, म्हातारपण नव्हतं, मरण झोपेसारखं. पिंडार एके ठिकाणी सांगतो की झ्यूसने टायटनांना सोडलं, आणि दुसरीकडे पुण्यवंतांच्या बेटांवर क्रोनसचा बुरूज उभा असल्याचं गातो. अथेन्सला ऐन उन्हाळ्यात क्रोनसचा सण व्हायचा, त्या दिवशी मालक आणि गुलाम एका पंगतीत जेवायचे. डेल्फीला एक लहानसा दगड होता, क्रोनस आपली पोरं गिळायचा तेव्हा झ्यूसऐवजी त्याला गिळायला दिलेला तोच, असं मानत. त्याच्यावर रोज तेल घालत आणि सणाला कच्ची लोकर वाहत. तेल घातलेला काळा दगड म्हटल्यावर आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापल्या गावचा एकेक दगड आला असणार.

एका मुद्द्यावर माझं बाईंशी पटलं नाही आणि ते मी तिथेच सांगितलं. क्रोनस आणि बळी हे एकच, असं त्या ओघात म्हणून गेल्या. तसं नाही. क्रोनसने सिंहासनासाठी बापावर विळा चालवला आणि पोटची पोरं गिळली. फसला तो हावरेपणाने, धोंडा न बघता गिळून. बळी दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून हरला. शुक्राचार्यांनी सावध केलं होतं तरी त्याने उदक सोडलं, आणि तिसऱ्या पावलाला डोकं पुढे केलं. विष्णू त्याच्या दाराशी द्वारपाल होऊन राहिला. क्रोनसच्या दाराशी उभे आहेत ते शंभर हातांचे रखवालदार. दारात कोण उभं आहे, यावरून आतला कोण ते ठरतं. बाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, “हे मी पुढच्या वेळी असंच सांगेन.”

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराचं थोडं. पावती छापून न्या. खुर्च्या प्लास्टिकच्या, चाळीसेक, पंख्याखालची रांग टाळा, आवाजाने ऐकू येत नाही. दुचाकी लावायला जागा आहे. रविवारी संध्याकाळी परतीच्या बशी कमी, तेव्हा संपल्यावर रेंगाळू नका. मुलं १२ वर्षांपुढची न्या. विळ्याची गोष्ट बाई संयमाने सांगतात, पण काळजाची आणि गिळण्याची लहानांना जड जाईल. तिसरी बैठक दोन रविवारांत वाटून द्यावी, वर १५० रुपये घ्यावेत, लोक आनंदाने देतील.

आणि ते मुखपृष्ठ. तक्रार करून गप्प बसायचं मला बरं वाटेना, म्हणून नरकासुराचं काम आटोपल्यावर मी स्वतः एक चित्र करून आयोजकांकडे पाठवलं आहे. पैसे नकोत. गोल काढलाच नाही. खाली अॅटलासची पावलं, टाचा रुतलेल्या. मनगटं बाहेर वळलेली, भार पेलणाऱ्या हमालाची असतात तशी. त्यासाठी बाणस्तारीच्या बाजारात पोती उतरवणाऱ्यांचे हात पाहून आलो. तळव्यांच्या वरून लगेच निळा सुरू होतो आणि कागदाच्या तिन्ही कडांना जाऊन संपतो, म्हणजे ते केवढं मोठं ते कोणाला मोजता येऊ नये. नातीने बघितलं आणि म्हणाली, “आजो, वरच्या कोपऱ्यात ऐरण काढ.” काढली आहे, तिळाएवढी. नुकतीच सुटलेली.